शार्पशूटर आणि त्याचे भाऊबंद

बंदुकीच्या अचूक नेमासाठी ओळखल्या जाणाऱ्या माणसाला इंग्रजीत तीन मुख्य शब्द आहेत: मार्क्समन, शार्पशूटर आणि स्नायपर. शब्दकोशांत तिघांचे अर्थ जवळपास सारखेच दिलेले असतात आणि मराठी वर्तमानपत्रांत तर ते एकमेकांच्या जागी सर्रास येतात. पण हे तिन्ही शब्द वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या गरजांतून जन्मले. मार्क्समन हा शब्द माणसाच्या अंगच्या कौशल्याबद्दल बोलतो, तर स्नायपर हा त्याच्या काम करण्याच्या पद्धतीबद्दल. शार्पशूटर या दोहोंच्या मध्ये उभा आहे आणि म्हणूनच गेल्या सव्वादोनशे वर्षांत त्याचा अर्थ सर्वांत जास्त सरकत गेला आहे.

हा शब्द मूळचा इंग्रजी नव्हे. जर्मन भाषेतील ‘शार्फशुत्से’ या शब्दाचा तो जसाच्या तसा केलेला इंग्रजी अवतार आहे. ‘शार्फ’ म्हणजे तीक्ष्ण, धारदार, नेमके. ‘शुत्से’ म्हणजे नेम धरून मारणारा. हा शुत्से बंदुकीपेक्षा जुना आहे. आधी तो तिरंदाज होता, आणि धनू राशीला जर्मन भाषेत आजही याच नावाने ओळखतात. बव्हेरिया, टायरॉल, स्वित्झर्लंड या डोंगराळ मुलखांत नेमबाजांची मंडळे मध्ययुगापासून होती. सणावारी गावोगावी लाकडी लक्ष्यावर नेम धरण्याच्या स्पर्धा भरत, आधी धनुष्याने आणि नंतर बंदुकीने. तिथल्या राजेरजवाड्यांनी युद्धासाठी माणसे गोळा करताना या हौशी नेमबाजांकडे, तसेच जंगलखात्यातील शिकाऱ्यांकडे मोर्चा वळवला. प्रशियाच्या फ्रेडरिक द ग्रेटने १७४० मध्ये ‘येगर’, म्हणजे शिकारी, या नावाचे पथकच उभारले. त्यांचा गणवेश जंगलरक्षकांसारखा हिरवा होता. हा हिरवा रंग पुढे शार्पशूटर या शब्दाबरोबर देशोदेशी फिरला.

शिकाऱ्यांना वेगळे महत्त्व का आले, हे समजायला त्या काळच्या बंदुका पाहाव्या लागतात. अठराव्या शतकातील सामान्य पायदळ सैनिकाकडे मस्केट असे. ही ठासणीची बंदूक. तिची नळी आतून गुळगुळीत आणि गोळी नळीपेक्षा किंचित लहान असे, म्हणजे दारू, गोळी आणि कागद गजाने ठासायला वेळ लागत नसे. सरावलेला शिपाई मिनिटाला तीन बार काढी. पण सैल बसलेली गोळी नळीच्या भिंतींवर आपटत बाहेर पडे आणि शेवटचा धक्का ज्या बाजूला बसेल त्या बाजूला भरकटे. शंभर यार्डांपलीकडच्या एका विशिष्ट माणसाला मस्केटने टिपणे हा जवळजवळ योगायोगच होता. म्हणून सैनिक खांद्याला खांदा लावून रांगेत उभे राहत आणि हुकूम सुटताच एकदम बार काढीत. नेम कोणा एकावर धरायचाच नव्हता. समोरच्या रांगेवर गोळ्यांची भिंत फेकायची होती.

रायफल याच्या नेमकी उलट. तिच्या नळीत आतून मळसूत्री आटे पाडलेले असत. गोळी तेल लावलेल्या चामड्याच्या किंवा कापडाच्या तुकड्यात गुंडाळून घट्ट ठासली की ती आट्यांतून गिरक्या घेत बाहेर पडे, आणि गिरकीमुळे तिची दिशा टिकून राही. दोनशे यार्डांवर माणूस टिपता येई, चांगल्या हाताला त्याहून लांबही. किंमत मोजावी लागे ती वेळेची. गोळी घट्ट असल्याने भरायला जोर लागे आणि मिनिटाला एक, फार तर दोन बार निघत. म्हणून सगळ्या सैन्याला रायफल देणे परवडणारे नव्हते. ती मोजक्या लोकांना द्यायची, त्यांना रांगेबाहेर झाडाझुडपांच्या आडोशाला सोडायचे आणि शत्रूचे अधिकारी, तोफांवरचे गोलंदाज असे निवडक लोक टिपायला सांगायचे, ही व्यवस्था यातूनच आली. शार्पशूटर म्हणजे सुरुवातीला हा माणूस: हातात रायफल असलेला, रांगेत न बांधलेला, स्वतःचे लक्ष्य स्वतः निवडणारा सैनिक. यातली तिसरी गोष्ट सर्वांत क्रांतिकारक होती. ज्या सैन्यात शिपायाने विचार करणे हाच गुन्हा मानला जाई, तिथे बार कधी आणि कोणावर काढायचा हे एका साध्या शिपायावर सोपवले गेले.

इंग्रजांना या पद्धतीचा चटका अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात बसला. पेनसिल्व्हेनियात स्थायिक झालेल्या जर्मन बंदूक-कारागिरांनी लांब नळीची शिकारी रायफल विकसित केली होती आणि सरहद्दीवरचे वसाहतकरी ती लहानपणापासून वापरत. १४ जून १७७५ रोजी अमेरिकन काँग्रेसने उभारायला सांगितलेल्या पहिल्या तुकड्या याच लोकांच्या होत्या. १७७७ मध्ये साराटोगाच्या लढाईत ब्रिटिश जनरल सायमन फ्रेझर अशाच एका गोळीने पडला. दुसऱ्या बाजूने इंग्रजांनीही जर्मन संस्थानांतून भाड्याने येगर आणले होते. गंमत अशी की या सगळ्या युद्धात शार्पशूटर हा शब्द फारसा कुठे दिसत नाही. अमेरिकन लोक त्यांना ‘रायफलमन’ म्हणत.

शब्द आला तो नेपोलियनच्या काळात. १७९७ मध्ये ब्रिटिश सैन्यात साठाव्या रेजिमेंटची पाचवी बटालियन उभी राहिली. तिचे बरेचसे सैनिक जर्मन होते, त्यांचे डगले हिरवे होते आणि हातांत रायफली होत्या. १८०० मध्ये खास रायफल पथक प्रायोगिक तत्त्वावर उभारले गेले आणि त्याला इझिकिएल बेकरने बनवलेली रायफल मिळाली. हेच पथक पुढे ९५ वी रायफल्स म्हणून प्रसिद्ध झाले. जर्मन अधिकारी, जर्मन पद्धतीची कवायत आणि जर्मन शिपाई यांच्या संगतीत जर्मन शब्दही इंग्रजीत उतरला, असे मानायला भरपूर आधार आहे. १८०१ मधील एडिंबरोच्या एका वर्तमानपत्रात ‘शार्प शूटर्स’च्या दोन कंपन्यांचा उल्लेख आहे आणि आधुनिक युद्धात असे लोक फार आवश्यक असतात, असेही तिथे म्हटले आहे. तेव्हा हे दोन शब्द सुटे लिहीत. नंतर त्यांच्यामध्ये जोडरेघ आली आणि कालांतराने तीही गळून एकच शब्द झाला.

या तारखेला महत्त्व आहे, कारण शार्पशूटरच्या जन्माची एक चुकीची कथा आजही मोठ्या विश्वासाने सांगितली जाते. कथेनुसार हा शब्द ‘शार्प्स’ नावाच्या अमेरिकन रायफलवरून आला. शार्प्स चालवणारा तो शार्पशूटर. ऐकायला हे इतके नीट बसते की शंका घ्यावीशी वाटत नाही. पण ही रायफल बनवणारा ख्रिश्चन शार्प्स याने आपले पेटंट १८४८ मध्ये घेतले, आणि एडिंबरोच्या वर्तमानपत्रात शब्द छापला गेला तेव्हा तर त्याचा जन्मही झालेला नव्हता.

ही समजूत रुजली त्याला मात्र एक खरी घटना कारण आहे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले तेव्हा न्यूयॉर्कचा हायरम बर्डन हा अभियंता आणि नामवंत नेमबाज उत्तरेच्या सैन्यासाठी शार्पशूटरांच्या दोन रेजिमेंट उभारायला निघाला. भरतीची अट कडक होती: दोनशे यार्डांवरून दहा गोळ्या झाडायच्या आणि मध्यबिंदूपासून त्यांचे अंतर सरासरी पाच इंचांपेक्षा जास्त असता कामा नये. उमेदवारांच्या परीक्षा पाहायला गर्दी लोटत असे. निवडलेल्यांना हिरवा गणवेश मिळाला, येगरांचाच वारसा. आणि १८६२ मध्ये, बऱ्याच तक्रारींनंतर, त्यांच्या हाती शार्प्स रायफली आल्या. ही रायफल मागून भरायची असल्याने जमिनीवर पडल्यापडल्या भरता येई. ठासणीच्या बंदुकीसाठी उभे राहण्याची गरज उरली नाही. शार्पशूटर आणि शार्प्स अशा रीतीने एका रेजिमेंटमध्ये एकत्र आले आणि लोकांच्या मनात नावाची गाठ कायमची बसली.

दक्षिणेच्या बाजूने इंग्लंडहून चोरट्या मार्गाने आणलेल्या व्हिटवर्थ रायफली होत्या. त्यांची नळी आतून षट्कोनी असे. ९ मे १८६४ रोजी स्पॉट्सिल्व्हेनिया इथे उत्तरेचे जनरल जॉन सेजविक हे दूरवरून येणाऱ्या गोळ्यांना बिचकणाऱ्या आपल्या शिपायांना धीर देत होते. एवढ्या अंतरावरून शत्रूला हत्तीसुद्धा टिपता येणार नाही, असे त्यांनी बजावले. थोड्याच वेळात एक गोळी त्यांच्या डोळ्याखाली लागली आणि ते जागीच गेले. त्या युद्धात शार्पशूटरचे नाव जेवढे गाजले तेवढेच ते शिव्याशापांचे धनीही झाले. समोरासमोरची लढाई हीच मर्दुमकी मानणाऱ्या दोन्ही बाजूंच्या सैनिकांना पाणी भरायला गेलेल्या माणसाला टिपणारा शार्पशूटर हा सैनिक न वाटता खुनी वाटे.

मात्र या शब्दाच्या मुळाशी असलेली परिस्थिती तोवर बदलून गेली होती. १८४९ मध्ये फ्रान्सच्या क्लोद मिनिए याची नवी गोळी आली. तिचा मागचा भाग पोकळ असे. गोळी नळीत सहज उतरे आणि बार उडताच दाबाने फुगून आट्यांत घट्ट बसे. म्हणजे रायफल आता मस्केटइतक्याच झटपट भरता येऊ लागली. याच तत्त्वावरची १८५३ ची एन्फिल्ड रायफल ब्रिटिश सैन्यात आली आणि तिच्या चरबी लावलेल्या काडतुसांनी १८५७ मध्ये हिंदुस्थानात काय घडवले ते सर्वज्ञात आहे. शार्पशूटरच्या दृष्टीने परिणाम वेगळा झाला. प्रत्येक शिपायाच्या हाती रायफल आल्यावर केवळ हत्यारामुळे कोणी वेगळा ठरेना. फरक आता माणसात शोधावा लागला, आणि माणसातला फरक शोधायचा तर त्याची परीक्षा घ्यावी लागते. इथून पुढे चांदमारीची मैदाने, गुणपत्रके आणि बिल्ले यांचा काळ सुरू होतो आणि मार्क्समन हा जुना शब्द नव्या तेजाने वर येतो.

‘मार्क’ म्हणजे खूण, लक्ष्य. लक्ष्यावर नेम धरणारा तो आधी ‘मार्कमन’ होता. शेक्सपिअरच्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’मध्ये तो या जुन्या रूपात भेटतो. सतराव्या शतकात मध्ये ‘स’ शिरून मार्क्समन झाला. या शब्दात युद्ध नाही, शत्रू नाही, लपणे नाही. तिरंदाज, शिकारी, जत्रेत फुगे फोडणारा, ऑलिंपिकमधला खेळाडू, कोणीही मार्क्समन असू शकतो. १८५३ मध्ये केंट परगण्यातील हाइथ इथे ब्रिटिश सैन्याने बंदूक चालवण्याचे स्वतंत्र विद्यालय काढले आणि सैनिकांची नेमबाजीप्रमाणे प्रतवारी सुरू झाली. नागरिकांसाठी १८५९ मध्ये नॅशनल रायफल असोसिएशन स्थापन झाली. तिच्या विंबल्डन इथल्या पहिल्या स्पर्धेचे उद्घाटन १८६० मध्ये व्हिक्टोरिया राणीने ४०० यार्डांवरच्या लक्ष्यावर गोळी झाडून केले. रायफल चौकटीत पक्की बसवलेली होती. राणीने फक्त दोरी ओढली.

बिल्ल्यांच्या जगात आल्यावर या शब्दांची एक अडचण उभी राहते आणि मराठी अनुवादक तिच्यात हमखास अडकतात. ब्रिटिश सैन्यात मार्क्समन ही वरची श्रेणी आहे; तो बिल्ला मिळवणारा शिपाई बाहीवर एकमेकींवर तिरप्या ठेवलेल्या दोन रायफलींचे चिन्ह अभिमानाने लावतो. अमेरिकन सैन्यात तीन श्रेणी आहेत: मार्क्समन, शार्पशूटर आणि एक्स्पर्ट. त्यांत मार्क्समन सर्वांत खालची आहे. लष्कराच्या रायफल परीक्षेत ४० लक्ष्यांपैकी २३ ते २९ टिपली तर मार्क्समन, ३० ते ३५ टिपली तर शार्पशूटर आणि ३६ वा त्याहून जास्त टिपली तर एक्स्पर्ट. २३ पेक्षा कमी म्हणजे नापास. तेव्हा अमेरिकन सैनिकाच्या चरित्रात तो ‘मार्क्समन’ होता असे वाचले तर त्याचा अर्थ ‘अचूक नेमबाज’ नव्हे, ‘उत्तीर्ण’ एवढाच होतो.

या बारकाव्याने इतिहासातील एका मोठ्या वादाला खतपाणी घातले आहे. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्यावर २२ नोव्हेंबर १९६३ रोजी गोळ्या झाडणारा ली हार्वी ओस्वाल्ड पूर्वी मरीन दलात होता. डिसेंबर १९५६ मध्ये त्याला २१२ गुण मिळाले आणि तो शार्पशूटर ठरला. मे १९५९ मध्ये १९१ गुण मिळाले आणि तो मार्क्समन ठरला. त्या वेळी मार्क्समनसाठी किमान १९० आणि शार्पशूटरसाठी किमान २१० गुण लागत. दोन्ही वेळा तो जेमतेम काठावर होता. तरीही तो ‘पट्टीचा नेमबाज’ होता असे म्हणणारे शार्पशूटर या शब्दावर बोट ठेवतात, आणि हे काम त्याला एकट्याला जमणेच शक्य नव्हते असे म्हणणारे मार्क्समन ही खालची श्रेणी असल्याचे दाखवतात. शब्द दोन्ही बाजूंच्या कामी येतो. आकडे मात्र एका साधारण बऱ्या सैनिकाचे चित्र दाखवतात.

तिसरा भाऊ स्नायपर. त्याचे मूळ मात्र हिंदुस्थानात आहे. स्नाइप हा दलदलीत आणि भातखाचरांत राहणारा, लांब चोचीचा, मातकट रंगाचा पक्षी. मराठीत त्याला पाणलावा म्हणतात. हिवाळ्यात तो उत्तरेकडून भारतात येतो. चिखलाच्या रंगात तो इतका मिसळून जातो की पायाखाली येईपर्यंत दिसत नाही, आणि उठला की नागमोडी उडत क्षणात दूर जातो. त्याला टिपणे ही शिकाऱ्याची कसोटी समजली जाई. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इथल्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या बोलण्यात ‘स्नायपिंग’ म्हणजे या पाखराच्या शिकारीला जाणे असा शब्द रूढ झाला. एकोणिसाव्या शतकात तो लढाईच्या भाषेत शिरला आणि वायव्य सरहद्दीवर चांगलाच मुरला. तिथे पठाण टोळ्यांतले नेमबाज रात्री टेकडीवरच्या खडकांआडून ब्रिटिश छावणीवर एकेक गोळी झाडत. गोळी कुठून आली हेही कळत नसे. या प्रकाराला स्नायपिंग म्हणू लागले. म्हणजे सुरुवातीला स्नायपर हे बहुतेक वेळा शत्रूचे नाव होते.

पहिल्या महायुद्धाने हा शब्द घरोघरी पोहोचवला. खंदकांच्या लढाईत जर्मनांकडे दुर्बीण बसवलेल्या रायफली होत्या आणि त्यांनी सुरुवातीला ब्रिटिशांचे मोठे नुकसान केले. उपाय शोधला तो हेस्केथ-प्रिचर्ड या शिकारी, क्रिकेटपटू आणि लेखक असलेल्या अधिकाऱ्याने. १९१६ मध्ये फ्रान्समधील लँगेम इथे त्याने जे विद्यालय काढले त्याचे नावच ‘स्नायपिंग, निरीक्षण आणि टेहळणी’ असे होते. नावातले तीन भाग पाहिले तर गोळी झाडणे हा कामाचा लहानसा हिस्सा असल्याचे लक्षात येते. दोघांची जोडी बनवायची, एकाने दुर्बिणीतून पाहायचे आणि नोंदी ठेवायच्या, दुसऱ्याने रायफल सांभाळायची, हा परिपाठ तिथे पक्का झाला. गवतापानांच्या चिंध्यांचा जो ‘गिली’ पोशाख स्नायपर घालतात तोही स्कॉटलंडच्या डोंगरात हरणांच्या मागावर राहणाऱ्या ‘गिली’ नोकरांकडून आला. लॉर्ड लोव्हॅटने १९०० मध्ये बोअर युद्धासाठी या लोकांचे पथक उभारले होते.

तेव्हापासून स्नायपर या शब्दाचा गाभा लपण्यात आहे, आणि व्यावसायिक सैनिक आजही हाच निकष लावतात. फिनलंडचा सिमो हायहा १९३९-४० च्या हिवाळी युद्धात दुर्बिणीशिवाय, बंदुकीवरच्या साध्या माशीने नेम धरून लढला. दुर्बीण लावली तर डोके वर काढावे लागते आणि काच उन्हात चमकते, म्हणून त्याने ती नाकारली. थंडीत श्वासाची वाफ दिसू नये म्हणून तो तोंडात बर्फ धरी. यातल्या कशाचाही नेमाच्या अचूकतेशी संबंध नाही. सोव्हिएत संघाने तर हा इंग्रजी शब्द ‘स्नायपर’ असाच उचलला आणि त्याला सन्मानाचे पद बनवले. स्टालिनग्राडचा वासिली झायत्सेव्ह आणि ३०९ शत्रुसैनिक टिपल्याची नोंद असलेली ल्युदमिला पावलिचेंको यांची नावे शाळेतल्या मुलांना पाठ असत.

आधुनिक सैन्यात या शब्दांची कामे बरीच नेमकी वाटली गेली आहेत. पायदळाच्या छोट्या तुकडीबरोबरच चालणारा, इतरांच्या रायफलीचा पल्ला संपतो तिथपासून पुढे सहा-आठशे मीटरपर्यंत नेमकी गोळी घालणारा सैनिक म्हणजे ‘डेझिग्नेटेड मार्क्समन’. तो तुकडीपासून वेगळा होत नाही. स्नायपर एकटा किंवा जोडीने, तासन् तास, कधी दिवसचे दिवस तुकडीपासून दूर राहतो. त्याने पाठवलेली माहिती त्याच्या गोळीइतकीच मोलाची असते. भारतीय सैन्यात दीर्घकाळ वापरात असलेली ड्रॅगुनॉव्ह रायफल या गोंधळाचे उत्तम उदाहरण आहे. १९६३ मध्ये सोव्हिएत सैन्यात आलेल्या या रायफलीच्या अधिकृत नावात ‘स्नायपर’ हा शब्द आहे, पण तिची रचना पाहिली तर ती तुकडीबरोबरच्या मार्क्समनसाठीच आहे. त्याहून लांबचा पल्ला गाठण्यासाठी २०१९ पासून नियंत्रण रेषेवर बॅरेट आणि बेरेटा या परदेशी कंपन्यांच्या अधिक ताकदीच्या रायफली दिल्या गेल्या. भारतीय पायदळाच्या स्नायपरांचे प्रशिक्षण महू इथल्या इन्फंट्री स्कूलमध्ये होते.

लांब पल्ल्याच्या नेमात काय काय मोजावे लागते, याची कल्पना एका एककावरून येते. नेमबाज अचूकता कोनाच्या ‘मिनिटा’त मोजतात. एक मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग. शंभर मीटरवर तो जवळजवळ तीन सेंटिमीटर होतो आणि हजार मीटरवर एकोणतीस. म्हणजे निर्दोष हात आणि एका मिनिटाची उत्तम रायफल असली तरी हजार मीटरवर गोळी एका ताटाएवढ्या वर्तुळात कुठेही पडू शकते. त्यात गुरुत्वाकर्षणाने येणारी घसरण, वारा, हवेचे तापमान, आणि फार लांब पल्ल्यावर पृथ्वीचे फिरणेसुद्धा धरावे लागते. २०१७ मध्ये कॅनडाच्या एका स्नायपरने इराकमध्ये ३,५४० मीटरवरून लक्ष्य टिपले तेव्हा गोळी हवेत जवळजवळ दहा सेकंद होती.

बातम्यांच्या भाषेत मात्र शब्दाची निवड अंतरावरून किंवा प्रशिक्षणावरून होत नाही. ती बोलणाऱ्याच्या बाजूवरून होते. ब्रिटिश वर्तमानपत्रांत पोलिसांकडचा माणूस ‘पोलीस मार्क्समन’ असतो आणि छतावरून लोकांवर गोळ्या झाडणारा गुन्हेगार ‘स्नायपर’. १९९२ ते १९९६ या वेढ्याच्या काळात सारायेव्हो शहरातील मुख्य रस्त्याला ‘स्नायपर अ‍ॅली’ असे नावच पडले होते. २००२ च्या ऑक्टोबरमध्ये वॉशिंग्टनच्या परिसरात दहा निरपराध माणसे गाडीतून गोळ्या झाडून मारली गेली, तेव्हा माध्यमांनी मारेकऱ्यांना स्नायपर म्हटले. यावर अनेक माजी सैनिकांनी आक्षेप घेतला. त्यांचे म्हणणे रास्त होते: स्नायपर हे प्रशिक्षणाने मिळवलेले पद आहे आणि लपून माणसे मारणाऱ्या कोणालाही ते बहाल करणे म्हणजे त्या पदाचा अपमान आहे. पण भाषेने त्यांचे ऐकले नाही.

युद्धाबाहेर शार्पशूटर सौम्य होतो. बास्केटबॉलमध्ये लांबून अचूक चेंडू टाकणारा खेळाडू शार्पशूटर असतो. इंटरनेटवरच्या लिलावात शेवटच्या सेकंदाला बोली लावून वस्तू पटकावण्याला स्नायपिंग म्हणतात. संख्याशास्त्रात ‘टेक्सासचा शार्पशूटर’ नावाचा तर्कदोष प्रसिद्ध आहे. हा शार्पशूटर कोठाराच्या भिंतीवर वाटेल तशा गोळ्या झाडतो, मग जिथे दाट भोके पडली असतील तिथे खडूने लक्ष्य काढतो आणि आपल्या नेमाची फुशारकी मारतो. आजाराच्या रुग्णांचा एखाद्या वस्तीत योगायोगाने झालेला पुंजका पाहून त्यावर आधी निष्कर्ष आणि मग कारण चिकटवणाऱ्या अभ्यासांना हे नाव दिले जाते.

मराठीत या सर्वांसाठी ‘नेमबाज’ हा एक उत्तम शब्द आहे आणि मार्क्समनचा तो सर्वांत जवळचा प्रतिशब्द आहे. त्यातही शत्रू नाही आणि लपणेही नाही. जुन्या फारसी वळणाच्या शब्दांत ‘अंदाज’, म्हणजे फेकणारा, हा प्रत्यय होता: तीर फेकणारा तिरंदाज, गोळा फेकणारा गोलंदाज, वीज फेकणारा म्हणजे बंदूकवाला बरकंदाज. बरकंदाज इतिहासजमा झाला, तिरंदाज खेळात टिकला आणि गोलंदाज तोफेकडून क्रिकेटकडे गेला. स्नायपरला मराठीत एका शब्दाचे नाव नाही, पण त्याच्या क्रियेला ‘टिपणे’ हे अतिशय नेमके क्रियापद आहे.

खेळाच्या पानावर मराठी वर्तमानपत्रे शिस्तीने नेमबाज असेच लिहितात. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला विश्वविजेत्या झाल्या आणि त्याच जिल्ह्यातील कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे याने २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल तीन स्थिती प्रकारात कांस्यपदक मिळवले, तेव्हा त्यांच्यासाठी शार्पशूटर हा शब्द क्वचितच वापरला गेला. या खेळातली अचूकता मात्र कोणत्याही शार्पशूटरच्या वरची आहे: दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो. भारतात या खेळाला संघटित रूप देणारी नॅशनल रायफल असोसिएशन १९५१ मध्ये स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष होते लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर; त्यांच्या नावाची राष्ट्रीय स्पर्धा आजही भरते.

शार्पशूटर हा शब्द मराठीने राखून ठेवला तो दोन वेगळ्या जागांसाठी. पहिली जागा गुन्हेगारीच्या बातम्यांची. मुंबईतील टोळीयुद्धाच्या काळापासून सुपारी घेऊन गोळ्या झाडणाऱ्याला शार्पशूटर म्हणण्याची सवय पडली. प्रत्यक्षात अशी हत्या बहुतेक वेळा चार-दोन हातांवरून, पिस्तुलाने होते आणि तिला नेमबाजीचे कौशल्य लागत नाही. इथे शब्दाचा अर्थ ‘भाडोत्री मारेकरी’ एवढाच उरला आहे, आणि या वापराने गुन्हेगाराच्या वाट्याला नसलेली प्रतिष्ठा येते, ही त्यातली खरी खोट आहे. पत्रकारांनी इथे साधा ‘मारेकरी’ हा शब्द वापरणे कधीही अधिक योग्य. दुसरी जागा वनखात्याची. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार माणसाच्या जिवाला धोकादायक ठरलेल्या वाघ-बिबट्याला पकडण्याचा किंवा अगदीच इलाज नसेल तर मारण्याचा आदेश मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात. त्यानंतर जो माणूस पाचारण केला जातो त्याला मराठी बातम्या शार्पशूटर म्हणतात. यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवडा भागात टी-१ उर्फ अवनी या वाघिणीचा शोध महिनोन् महिने चालला आणि २ नोव्हेंबर २०१८ रोजी ती गोळीने मारली गेली, तेव्हा हा शब्द राज्यभर रोज छापला जात होता. चंद्रपूरकडच्या बातम्यांत तर वाघाला बेशुद्धीच्या औषधाची सुई मारणारा वनकर्मचारीही शार्पशूटरच असतो. त्याच्या हातातल्या बंदुकीचा पल्ला अगदीच थोडा असतो आणि सुई जनावराच्या मांडीच्या किंवा खांद्याच्या जाड स्नायूतच बसावी लागते. इतरत्र लागली तर जनावर दगावू शकते.